विश्लेषण : हिरो पॉइंट जपायचा की वापरायचा? टेबलटॉप गेममधल्या ‘जीवदाना’चे गणित काय?

हरिहर गडाच्या जवळजवळ उभ्या कातळपायऱ्या. वरून बाणांचा मारा. सर्वांत पुढे चढणाऱ्या वीराचा पाय निसटतो. खोबणीत बोटे अडकवून सावरायचे, तर २० बाजूंच्या फाशावर ६ किंवा त्याहून मोठे दान हवे. पडते ३! खेळाडूकडे एक हिरो पॉइंट शिल्लक आहे; पण ‘पुढे राक्षसाशी लढताना लागेल’ म्हणून तो हात आखडता घेतो. वर्षभर खेळवलेला वीर दरीत कोसळतो आणि पॉइंट तसाच पडून राहतो.

प्रसंग काल्पनिक आहे, पण ही चूक टेबलटॉप गेम खेळणाऱ्या कोणालाही ओळखीची वाटेल. अशा गेममध्ये मिळणारे बोनस पॉइंट जपण्यासाठी असतात की खर्च करण्यासाठी?

हा खेळ चालतो कसा?

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका २०१६ मध्ये आली आणि तळघरात फासे टाकणारी मुले अनेकांनी पहिल्यांदा पाहिली. ती मुले खेळत होती ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी तयार केलेला हा गेम १९७४ मध्ये बाजारात आला.

यात स्क्रीन लागत नाही. एक जण ‘डंजन मास्टर’ होऊन गोष्ट पुढे नेतो, बाकीचे एकेक पात्र खेळवतात. अवघड कृती साधली की फसली, हे फासा ठरवतो. मोहिमेची जागा मास्टरने ठरवायची. त्यामुळे नाशिककरांच्या टेबलावर ड्रॅगन हरिहरवर किंवा अंजनेरीवरही उतरू शकतो.

हिरो पॉइंट म्हणजे काय?

क्रिकेटमध्ये झेल सुटला की फलंदाजाला जीवदान मिळते. हिरो पॉइंट हे खेळाडूने स्वतः मागून घेतलेले जीवदान. कल्पना जुनी आहे. १९८३ च्या जेम्स बाँड गेममध्ये ‘हिरो पॉइंट’ होते, तर १९८६ च्या ‘वॉरहॅमर’मध्ये पात्राला मरणातून वाचवणारे ‘फेट पॉइंट’.

सध्याच्या दोन मोठ्या गेममधले नियम असे:

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या आवृत्तीत ‘इन्स्पिरेशन’ आले. ते वापरले की दोन फासे टाकून मोठे दान धरायचे. मात्र ते आधीच जाहीर करावे लागे. २०२४ च्या ‘हिरोइक इन्स्पिरेशन’मध्ये दान पाहिल्यावर फासा पुन्हा टाकता येतो, पण दुसरे दान स्वीकारावेच लागते.

‘पाथफाइंडर’च्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रत्येकाला बैठकीच्या सुरुवातीला १ हिरो पॉइंट मिळतो. एका वेळी जास्तीत जास्त ३ बाळगता येतात. १ खर्च करून फासा पुन्हा टाकता येतो आणि शिल्लक असलेले सगळे खर्च करून मरण टाळता येते. बैठक संपली की उरलेले पॉइंट रद्द.

गणित काय सांगते?

बहुतेक खेळाडू पॉइंट सर्वांत अवघड क्षणासाठी राखून ठेवतात. गणित मात्र उलट बोलते.

आधी जाहीर करून दोन फासे टाकायचे असतील, तर यशाची शक्यता अशी बदलते :
• ६ किंवा जास्त हवे : ७५ टक्क्यांवरून ९३.७५ टक्के
• ११ किंवा जास्त हवे : ५० टक्क्यांवरून ७५ टक्के
• १६ किंवा जास्त हवे : २५ टक्क्यांवरून ४३.७५ टक्के
• फक्त २० हवे : ५ टक्क्यांवरून ९.७५ टक्के

म्हणजे सर्वाधिक फायदा निम्म्या-निम्म्या शक्यतेच्या वेळी होतो. अशक्यप्राय दानासाठी राखलेला पॉइंट जेमतेम पावणेपाच टक्के भर घालतो.

दान पाहून पुन्हा टाकायचे असेल, तर हिशोब आणखी सोपा आहे. दुसऱ्या दानाची शक्यता पहिल्याइतकीच असते. हरिहरच्या पायरीवर ६ हवे होते, म्हणजे पुन्हा टाकल्यावर वाचण्याची शक्यता १०० पैकी ७५. राक्षसासमोर फक्त २० वर भिस्त असेल, तर १०० पैकी ५. तेव्हा जे सहज जमायला हवे होते पण फसले आणि फसल्याची किंमत मोठी आहे, तिथेच पॉइंट वापरणे शहाणपणाचे.

साठवले तर काय बिघडते?

‘हिरोइक इन्स्पिरेशन’ एका वेळी एकच ठेवता येते. मानव वंशाच्या पात्राला तर प्रत्येक दीर्घ विश्रांतीनंतर ते नव्याने मिळते. जुने वापरलेच नाही, तर नवे स्वतःच्या उपयोगाचे नाही. फार तर ते ज्याच्याकडे नाही त्या सोबत्याला देता येते.

‘पाथफाइंडर’मध्ये मरणासाठी एखादा राखणे समजण्यासारखे आहे. पण मरण टाळायला १ शिल्लक असला काय आणि ३ असले काय, परिणाम एकच. म्हणजे १ ठेवून बाकीचे वापरायला हरकत नाही. डाव संपल्यावर उरलेल्या डीआरएसचा संघाला काय उपयोग?

पॉइंट मिळतो कोणाला?

खरी अडचण इथे आहे. २०१४ च्या नियमात पात्राचा स्वभाव, आदर्श, नाती किंवा उणीव छान रंगवली की मास्टर इन्स्पिरेशन देत असे. बोलघेवड्या, नाटकात रमणाऱ्या खेळाडूंना याचा फायदा होतो. कोपऱ्यात बसून नकाशा काढणारा, इतरांना सावरून घेणारा मित्र मात्र रिकाम्या हाताने घरी जातो. दोन-तीन बैठकांनंतर तो यायचाच बंद झाला, तर त्यात फाशाचा दोष नाही.

‘पाथफाइंडर’चा सल्ला अधिक न्याय्य वाटतो : पहिल्या तासानंतर दर तासाला साधारण एक पॉइंट द्यावा. म्हणजे मास्टरला देण्याची आठवण राहते. त्यात एक भर घालावी. पॉइंट का दिला, हे सर्वांसमोर सांगावे आणि भाषणाइतकीच किंमत सोबत्यासाठी घेतलेल्या जोखमीला द्यावी. खेळाडूसमोर कॅरमची एक सोंगटी ठेवली, तरी पॉइंट शिल्लक आहे हे दोघांनाही दिसत राहते.

मग धाक उरतो का?

जुन्या खेळाडूंचा आक्षेप असतो, की अशाने सगळेच ‘कच्चे लिंबू’ होतात आणि मरणाची भीती संपते. आक्षेपात तथ्य आहे, पण पॉइंट मोजकेच नसतील तेव्हा. कच्च्या लिंबाला कितीही वेळा सूट मिळते. इथे पॉइंट ठरावीक, नियम सर्वांना सारखा आणि दुसरे दान १ पडले तरी ते मान्य करावे लागते. वीर तेव्हाही दरीत जाऊ शकतो.

फरक एवढाच, की वर्षभराचे पात्र गमावताना ‘पॉइंट होता, वापरला नाही’ ही रुखरुख राहत नाही. म्हणून बैठक संपायला तासभर उरला, की मास्टरने एकदा विचारावे, ‘कोणाकडे पॉइंट शिल्लक आहेत?’