आग रामेश्वरी, बंब मदरबोर्डी!

शुक्रवार, रात्रीचे साडेदहा. ऑफिसचा आठवडा संपलाय, पिझ्झा ऑर्डर झालाय आणि मोबाइल वाजतो. डोंबिवलीहून मावसबहीण. आवाज रडवेला.

"दादा, परत बंद पडला रे. चौथ्यांदा. सोमवारी क्लायंटला रेंडर दाखवायचेत आणि हा मेला फट्टकन मरतो!"

बाईसाहेब इंटिरियर डिझायनर. दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून घरूनच काम सुरू केलंय. बेडरूमच्या कोपऱ्यातला डेस्कटॉप म्हणजेच तिचं ऑफिस, तिचा स्टाफ आणि तिचं उत्पन्न. पहिलंच मोठं काम, अॅडव्हान्स घेतलेला. जवळच्या दुकानदाराने कॅबिनेट न उघडताच निदान केलं होतं: "मॅडम, मदरबोर्ड गेला. बोर्ड, प्रोसेसर, रॅम, सगळंच बदला. बत्तीस हजार." मावशीचं निदान त्याहून सोपं होतं: "दृष्ट लागलीये पोरीच्या कामाला." एकीकडे ईएमआयचा फॉर्म, दुसरीकडे मीठ-मोहऱ्या!

आता मंडळी, तुमच्यापैकी किती जणांच्या घरी असा एक डेस्कटॉप आहे? वर्क फ्रॉम होमच्या काळात हौसेनं घेतलेला, आणि हल्ली मधूनच डोळे मिटणारा? मग शनिवारी सकाळी आम्ही दोघांनी जे केलं ते नीट वाचा. बत्तीस हजार वाचू शकतात.

आधी पेशंटला बोलू द्या

चांगला डॉक्टर आधी विचारतो, कधीपासून? कशानं वाढतं? मीही तेच विचारलं.

"बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं? निळी स्क्रीन येते? आपोआप रिस्टार्ट होतो?"

"नाही रे. लाइट गेल्यासारखा. पंखेसुद्धा थांबतात. आणि मागचं बटण बंद करून परत चालू केल्याशिवाय सुरूच होत नाही."

"कधी?"

"रेंडर लावला की. दोन-तीन सेकंदांत."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. अर्धी केस तिथेच सुटलेली होती, फक्त आम्हाला ते कळायला दुपार झाली.

निळी स्क्रीन किंवा आपोआप रिस्टार्ट असेल तर संशय रॅम, ड्रायव्हर, हार्ड डिस्क यांच्यावर घ्यायचा. आणि एका झटक्यात काळोख झाला, तर वीज किंवा उष्णता यांच्यावर.

विंडोज डायरी लिहितं, वाचा की!

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, इव्हेंट व्ह्यूअर उघडा, त्यात विंडोज लॉग्ज आणि मग सिस्टीम. इथे तीन नंबर शोधायचे. १०७४ दिसला तर कुणीतरी, म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमनं, अपडेटनं किंवा तुम्हीच, रीतसर बंद करायला सांगितलं होतं. ६००८ म्हणजे मागच्या वेळी अचानक बंद पडला. आणि ४१, कर्नल-पॉवर, म्हणजे "मी निरोप न घेताच गेलो."

गंमत अशी, की ४१ नंबर पाहून लोक घाबरतात आणि विंडोज फॉरमॅट करतात. बाबांनो, ४१ कारण सांगत नाही, फक्त मृत्यूची नोंद करतो! त्याच्या डिटेल्समध्ये बगचेक-कोड शून्य असेल, तर विंडोजला काही नोंदवायलाही वेळ मिळालेला नाही. बहुतेक वेळा वीजच गेलेली असते. आमच्याकडे चारही नोंदी ४१ आणि चारही शून्य. विंडोज निर्दोष!

ताप बघा

दुसरा संशयित उष्णता. कॅबिनेट उघडलं तर आत गोधडी शिवता येईल इतका कापूस. प्लग काढला, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक उतरवली आणि ब्लोअर मारला. (पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. हवेच्या झोतानं ते भन्नाट फिरलं तर बिघडू शकतं.)

मग एचडब्ल्यूइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर लावलं. नुसता बसलेला प्रोसेसर साधारण ३५ ते ५० अंश, कामाला जुंपला की ७० ते ८५, हे चालतं. ९५-१०० च्या घरात गेला की तो आधी स्वतःच वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर जीव वाचवायला मशीन बंद करतो. म्हणजे उष्णतेनं मरणारा कॉम्प्युटर आधी रडतो: पंखे किंचाळतात, काम मंदावतं आणि मग काही मिनिटांनी अंधार.

आमचा पेशंट? नुसत्या प्रोसेसरवर अर्धा तास लोड दिला, ७४ अंश, ठणठणीत. ग्राफिक्स कार्डावर लोड दिला आणि आठव्या सेकंदाला फट्ट! तेव्हा कार्डाचं तापमान होतं ५८. हा ताप नव्हेच.

भिंतीशी थेट नातं

तिसरा संशयित यूपीएस. टेबलाखाली पाय ठेवायला वापरला जाणारा तो बिचारा डबा! त्याची बॅटरी साधारण दोन-चार वर्षांत संपते आणि तो कुणाला सांगत नाही. चाचणी सोपी: यूपीएस बाजूला, कॉम्प्युटर थेट भिंतीच्या सॉकेटला. एक्स्टेंशन बोर्डही नको. केलं. रेंडर लावला. फट्ट. म्हणजे निदान सध्याचा गुन्हेगार हा नाही.

जाता जाता एक छोटा चोर: कॅबिनेटचं पॉवर बटण. हे बटण चारेक सेकंद दाबून धरलं की कॉम्प्युटर सक्तीनं बंद होतो. तेच बटण धुळीनं आत अडकून बसलं, तर मशीन सुरू होतं आणि चार-पाच सेकंदांत बंद पडतं. लोक मदरबोर्ड बदलतात, दोष निघतो प्लास्टिकच्या बटणाचा!

आणि खुनी कोण?

दुपारी दोनला चहा घेताना तिला सहज विचारलं, "हल्ली काही नवीन बसवलंस का?"

"दिवाळीत ग्राफिक्स कार्ड घेतलं ना, सेकंडहँड. रेंडर फास्ट व्हावेत म्हणून."

"आणि एसएमपीएस?"

"ते काय असतं?"

घ्या! एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला तो जड चौकोनी डबा, जो घरातली २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलून सगळ्यांना वाढतो. १२ व्होल्टच्या लाइनवर ११.४ ते १२.६ एवढीच सूट. त्याखाली घसरलं की मशीन आडवं. तिचा डबा कॅबिनेटबरोबर 'फ्री' आलेला, लेबलवर ४५० वॉट आणि वजन पापडाच्या डब्याएवढं. चार माणसांच्या स्वयंपाकात अचानक पंगत बसवली होती! आजची ग्राफिक्स कार्डं काही मिलिसेकंद नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वीज ओढतात. त्या झटक्याला डब्याचं संरक्षण-सर्किट चालू होतं आणि तो सगळ्यांचं पाणी तोडतो. एकदा तोडलं की मागचं बटण बंद-चालू करेपर्यंत रुसून बसतो. आठवलं तिचं वाक्य?

तरी लगेच नवीन घ्यायला धावलो नाही. मित्राकडून ६५० वॉटचा चांगला एसएमपीएस उसना आणला आणि जोडला. (जुन्याच्या मॉड्युलर केबल्स नव्याला लावायच्या नाहीत. पिना वेगळ्या असू शकतात आणि धूर निघतो.) रेंडर लावला. दोन सेकंद. दहा सेकंद. एक मिनिट. बहीण श्वास रोखून. वीस मिनिटांनी स्क्रीनवर कुणाच्या तरी स्वप्नातलं मॉड्युलर किचन उभं! मावशीनं देवापुढे साखर ठेवली.

सगळी आग एसएमपीएसमध्ये आणि बंब चालला होता मदरबोर्डकडे!

पिक्चर अभी बाकी है

नवा एसएमपीएस बसला, सोमवारी क्लायंट खूश. बुधवारी परत फोन. "दादा, लाइट एक क्षण गेली आणि हा बंद."

आता मात्र यूपीएसच. तिचा ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॉटचा, आणि बॅटरी तीन वर्षं जुनी. नव्या कार्डासकट मशीनची भूक त्याहून मोठी. एका पेशंटला दोन आजार असू शकतात, ही या आठवड्याची शिकवण. दोन्ही मिळून खर्च साडेदहा हजार. बत्तीस नव्हे.

पण एक नुकसान भरून आलं नाही. तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा लिव्हिंग रूमची फाइल सेव्ह होत होती. ती करप्ट झाली. तीन दिवसांचं काम, दुसरी कॉपी नाही. शनिवार-रविवारच्या दोन रात्री जागून तिनं ते परत केलं. "माझंच काहीतरी चुकतंय असं वाटत होतं रे," ती नंतर म्हणाली. दीड वर्ष एकटीनं ऑफिस चालवणाऱ्या मुलीला साडेचारशे वॉटच्या एका डब्यानं स्वतःवरच संशय घ्यायला लावला होता. आता रोज रात्री फायली एक्स्टर्नल डिस्कवर जातात. अलार्म लावलाय.

फ्रिजवर चिकटवा

• मशीन आचके द्यायला लागलं की दुरुस्तीआधी बॅकअप.
• काय करताना, किती वेळानं बंद पडतं ते वहीत लिहा. लोड येताच बंद: वीज. हळूहळू तापून बंद: उष्णता.
• एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर खरा चोर कळणारच नाही.
• शक्य तिथे उसनं आणून तपासा, मग विकत घ्या.
• एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज असू शकतो.
• ग्राफिक्स कार्ड घेताना कंपनीनं सुचवलेले वॉट आधी बघा.

आणि हो, दुकानदार कॅबिनेट न उघडताच "बोर्ड गेला" म्हणाला, तर हसून नमस्कार करा आणि दुकान बदला. बोर्ड नंतर बघू!