दर्या दरवाज्याचे पहारेकरी

आज जरा नाजूक विषय काढते आहे. घरात बाळंतीण असेल, किंवा लवकरच असणार असेल, तर हे पान सासूबाईंना आणि आईलाही वाचून दाखवा. अगदी गोडीत, कुरापत काढल्यासारखं नको.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शेजारच्या वाडीत गाय व्याली आणि चिकाचा तांब्या आमच्याकडे आला. सासूबाईंनी गूळ, वेलदोडा आणि जायफळ घालून तो कुकरात वाफवायला ठेवला. मुलं ओट्याभोवती घुटमळत होती. आदल्या रात्री धाकट्या जाऊबाईंच्या पोटात दुखू लागलं म्हणून दिरांनी तिला हॉस्पिटलात नेलं होतं. कुकराची शिट्टी आणि त्यांचा फोन एकदमच वाजला. मुलगा झाला होता, पण दिवस भरायला चांगले दोन महिने बाकी असताना. वजन दीड किलोच्या जेमतेम वर. काचेच्या पेटीत ठेवला होता.

आम्ही दोघी धावत गेलो. जाऊ भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाळाला अंगावर घेता येत नव्हतं, त्याला ओढायची ताकदच नव्हती. नर्सबाई आली, उकळलेली वाटी हातात देऊन म्हणाली, "दर दोन-तीन तासांनी चीक काढून द्या. चार थेंब निघाले तरी चालतील, पण टाकू नका."

सासूबाई लगेच म्हणाल्या, "त्या चिकट पाण्यानं काय व्हायचंय? पहिले दोन दिवस ते काढूनच टाकायचं असतं." आणि त्यांनी पिशवीतून मधाची बाटली काढली. सोन्याच्या अंगठीनं चाटवायला.

मैत्रिणींनो, ती बाटली मी ओळखत होते. अकरा वर्षांपूर्वी माझी थोरली झाली तेव्हा अशाच बाटलीतून तिला मध चाटवला होता. माझा चीक दोन दिवस मोरीत गेला. मी बी.ए. झालेली, शाळेत मुलांना शिकवणारी, पण त्या वेळी तोंडातून शब्द काढला नाही. तिसऱ्या आठवड्यात पोरीच्या जिभेवर, गालांच्या आत पांढरा थर धरला. ती दूध प्यायला लागली की किंचाळायची. डॉक्टर म्हणाले, बुरशी आहे. औषधानं बरी झाली. ती मधामुळेच किंवा चीक न मिळाल्यामुळेच झाली असं मी म्हणणार नाही, पुष्कळ तान्ह्या बाळांना ती होते. पण आपण त्या वेळी गप्प बसलो, हे मात्र मनाला लागून राहिलं.

या वेळी मी म्हटलं, "आई, सकाळी खरवस कशाचा केलात?"

"चिकाचा. का ग?"

"आणि वासराला पाजल्याशिवाय शहाणा गवळी कधी चीक काढून देतो का?"

त्या काही बोलल्या नाहीत. बाटली मात्र पिशवीत परत गेली. तेवढ्यात तिथल्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आम्हाला जे थोडक्यात सांगितलं, आणि नंतर मी जे वाचून काढलं, ते आज तुम्हाला माझ्या भाषेत सांगते.

आपल्या वसईच्या किल्ल्याला दोन मोठे दरवाजे. एक भुई दरवाजा, दुसरा दर्या दरवाजा. दर्या दरवाज्यातून माल यायचा, माणसं यायची. ते बंद ठेवून चालत नाही, आणि नुसतं सताड उघडंही ठेवता येत नाही. तिथे पहारेकरी हवा तो शहाणा. प्रत्येकावर तलवार उपसणारा नको आणि प्रत्येकाला सलाम करणाराही नको. आपलं तोंड हा शरीराचा दर्या दरवाजा. दूध, भात, धूळ, जंतू, सगळं इथूनच आत येतं.

त्वचेत आणि तोंडाच्या अस्तरात असे पहारेकरी असतात. पाऊल लांगरहान्स नावाच्या एका जर्मन विद्यार्थ्यानं बर्लिनमध्ये १८६८ साली ते त्वचेत पहिल्यांदा पाहिले. वय अवघं एकवीस. पेशींना फांद्या दिसल्या म्हणून त्याला वाटलं, या मज्जातंतूच्या पेशी. त्यांचं खरं काम कळायला शंभराहून जास्त वर्षं गेली. या पेशी आपल्या फांद्यांनी आल्यागेल्या जंतूचा तुकडा पकडतात, जबड्याखालच्या गाठींपर्यंत नेतात आणि तिथल्या सैनिकपेशींना दाखवतात. हा शत्रू आहे, की रोजचा शेजारी आहे, की नुसता वरणभात आहे, हे ठरवायला त्यांची मदत होते. याच कुळातल्या पेशी शोधल्याबद्दल राल्फ स्टाइनमन यांना २०११ साली नोबेल मिळालं. जाहीर होण्याच्या तीनच दिवस आधी ते वारले होते. त्यांनी या पेशींचं वर्णन केलं होतं १९७३ साली!

आता गंमत ऐका. त्वचेतले पहारेकरी म्हणजे वतनदार. उंदरांमध्ये पाहिलं तर ते पिल्लू पोटात असतानाच येऊन वसतात आणि पुढे आपल्या आपण वाढत राहतात. पिढ्यान्‌पिढ्या तीच जागा, तेच घराणं. पण तोंडातली गोष्ट वेगळी निघाली. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१५ साली दाखवलं की उंदराच्या तोंडातले हे पहारेकरी वतनदार नव्हेत, तर भरती केलेले शिपाई आहेत. ते हाडांतल्या मगजातून रक्तावाटे येतात, आणि ही भरती आयुष्यभर चालू राहते. पुढच्या अभ्यासात, २०१८ साली, दिसलं की नवा शिपाई आधी अस्तराखालच्या थरात येतो, मग वरच्या अस्तरात चढतो, आणि दर टप्प्याला तिथल्या पेशी त्याला रासायनिक हुकूम देतात. तोंडात राहणाऱ्या रोजच्या जंतूंचाही या शिक्षणाला हातभार लागतो.

म्हणजे काय, की पहारा जन्मतः पुरा बसलेला नसतो. तो बसायला वेळ लागतो. त्याच विद्यापीठातून २०२१ साली आणखी एक अभ्यास आला. नुकत्या जन्मलेल्या पिल्लाच्या तोंडात जंतू कमी असतील असं आपल्याला वाटतं ना? उलटच. आधी ते जास्त असतात, आणि पिल्लू दूध सोडायच्या सुमाराला मोठ्यांइतके खाली येतात. त्या वेळी तोंडाचं अस्तरही सैल असतं, आतबाहेर झिरपणारं. हळूहळू ते घट्ट होतं, आणि लाळ आपलं धुण्याचं, आवरण्याचं काम शिकते. हे सगळं उंदरांतलं आहे, माणसाचं बाळ म्हणजे उंदराचं पिल्लू नव्हे. पण दोघंही दूध पिऊन वाढतात. आपल्या नवजात बाळाच्या लाळेतही संरक्षक द्रव्यं सुरुवातीला थोडीच असतात, पुढच्या आठवड्यांत ती वाढत जातात, एवढं पक्कं ठाऊक आहे.

मग मधल्या काळात पहारा कोण देतं? आई देते. तिच्या चिकात ही संरक्षक द्रव्यं ठासून भरलेली असतात, शिवाय जिवंत पेशीही असतात. वासराला तर पोटात असताना आईकडून संरक्षण जवळजवळ मिळतच नाही. त्याची सगळी शिदोरी चिकात. आपल्या बाळाला थोडी शिदोरी वारेतून आधीच मिळते, पण ती रक्तातली. तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरावर लेप बसवायचं काम चिकाचंच. ज्याला आपण दोन दिवस मोरीत ओततो, त्याचं!

तेव्हा आमच्या बाळाचं काय केलं ते सांगते. जाऊबाईंनी वाटीत काढलेले थेंब नर्सबाईंनी छोट्या पिचकारीत घेतले आणि बाळाच्या दोन्ही गालांच्या आतल्या बाजूला हलकेच सोडले. नुसते दोन-दोन थेंब. दूध पोटात जावं म्हणून नव्हे, तोंडाला चीक लागावा म्हणून. पुष्कळ ठिकाणी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी हे करतात. पोटात दूध नळीनं वेगळं जात होतं. हे काम नर्सचं आहे हं, घरी कुणी प्रयोग करू नका. बाळाच्या घशात अडकलं तर जिवावर बेतेल.

पहिल्या दिवशी वाटीचा तळही झाकला नाही. जाऊ रडायला लागली, "ताई, मला येतच नाही." मी तिचा हात धरून बसले. दुसऱ्या दिवशी सासूबाई स्वतःच वाटी उकळून घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "रडू नकोस. गाईलाही वासरू समोर लागतं. त्याचं टोपडं हातात घेऊन बस." त्या दिवशी चमचाभर निघालं. कोण शिकलेलं आणि कोण अडाणी, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं.

एखाद्या आईला खरंच दूध येत नाही, किंवा आईच अत्यवस्थ असते. त्यासाठीही सोय आहे, आणि ती आपल्या मुंबईतच सुरू झाली. शीव इथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी काढली. ज्यांना जास्त दूध येतं अशा आया तिथे देतात. ते तपासून, साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून, गोठवून ठेवतात आणि गरजू बाळांना देतात. तापवल्यानं जिवंत पेशी टिकत नाहीत, तरी बरीचशी संरक्षक द्रव्यं टिकतात. म्हणून क्रम असा: आईचं ताजं दूध पहिलं, पेढीचं दुसरं, डब्यातलं त्यानंतर, आणि तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानं.

पहाऱ्याची आणखी एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती सहा महिन्यांनंतर उपयोगी पडेल. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवलं की हिरड्यांतल्या एका जातीच्या सैनिकपेशी (त्यांना टीएच-१७ म्हणतात) चावण्यानं वाढतात. चावताना हिरडीला जे बारीक बारीक घर्षण होतं, तोच त्यांना निरोप. मऊ खाणं दिलेल्या उंदरांत त्या कमी निघाल्या. आणि याच जातीच्या पेशी बुरशीशी लढायला लागतात, जी बुरशी माझ्या थोरलीला झाली होती. आता यावरून बाळाला दाणे चावायला देऊ नका! पण वर्ष होत आलं तरी सगळं मिक्सरमधून गुळगुळीत करून भरवायचं, हेही बरं नाही. हळूहळू हातानं कुस्करलेला मऊ भात, उकडलेल्या बटाट्याची मऊ फोड, असं त्याच्या तोंडाला काम द्यावं. भरवताना मात्र समोरून हलायचं नाही.

आता नेहमीप्रमाणे, कात्रण काढून ठेवण्याजोग्या गोष्टी:

१. जन्मल्यावर तासाभरात बाळाला अंगावर घ्यावं. चीक एक थेंबही टाकू नये. पिवळा, घट्ट आणि थोडा असतो, तो तसाच असायचा. बाळाचं पोटही तेवढंच असतं.

२. सहा महिने फक्त आईचं दूध. गुटी नको, गुळाचं पाणी नको, वरचं पाणीसुद्धा नको. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध, थेंब अर्थात द्यायचे.

३. मध वर्षाच्या आत मुळीच नाही. त्यात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना ते काही करत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात रुजले तर अंग लुळं पडण्याइतका विषार होतो. अंगठी सोन्याची असली म्हणून मध सुरक्षित होत नाही.

४. जिभेवर दुधाचा थर असेल तर तो सहज पुसला जातो. पुसला जात नसेल, पुसल्यावर खाली लाल दिसत असेल आणि बाळ पिताना रडत असेल, तर बुरशी समजून डॉक्टरांकडे न्यावं. खरवडू नये. आईच्या स्तनाग्रांवरही औषध लावावं लागतं का, ते विचारून घ्यावं.

५. बारशाला येणाऱ्यांनी बाळाच्या तोंडाचे मुके घेऊ नयेत. ओठावर पुळी आलेल्यांनी तर नाहीच. सांगायला अवघड वाटतं, पण सांगावं.

आमचं बाळ पाच आठवड्यांनी घरी आलं. सव्वादोन किलो झालं होतं आणि आवाज तर साऱ्या आळीला पुरेल एवढा! बारशाला गावाकडच्या एक मावशी आल्या. त्यांनी कनवटीची पुडी सोडली, त्यात खडीसाखर होती. "जरा तोंड गोड करू दे बाळाचं," म्हणून पुढे झाल्या.

मी उठणार एवढ्यात सासूबाईंनीच त्यांचा हात धरला. "आमचं तोंड गोड कर ग," त्या म्हणाल्या. "त्याच्या दरवाज्यावर अजून पहारा बसायचाय."

जाऊ माझ्याकडे बघून हसली. मी पानं वाढायला घेतली. आणि हो, त्या दिवशी पानात खरवस होता. वासराचं पोट भरल्यावर उरलेल्या चिकाचा.