सेवेचा भार कुणाच्या खांद्यावर?

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकाने आजवर काय पाहिले नाही? १८५७च्या समरात बंड पुकारणाऱ्या घोडदळाच्या सैनिकांना जेथे देहदंड दिला गेला, तो काळा चबुतरा याच परिसरातला. २०२२मध्ये येथे शिवछत्रपतींचा भव्य अश्वारूढ पुतळा नव्याने उभा राहिला. आरक्षण असो, पीकविमा असो, पाण्याचा प्रश्न असो की वेतनाचा. शहरातला मोर्चा निघतो तो येथूनच. परंतु अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्यांचा मोर्चा या चौकात निघाल्याचे ऐकिवात नाही. तो निघणारही नाही. मोर्चाला यायचे, तर घरी रुग्णापाशी बसायचे कुणी?

हे शहर एकेकाळी तरुणांचे होते. सिडकोने १९७०च्या दशकात वसाहती उभारायला घेतल्या, १९८०च्या दशकात वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि बीड, जालना, परभणी, नांदेडकडची मुले भाकरी बांधून येथे आली. त्यांनी एन-सेक्टरमध्ये घरे घेतली, मुले शिकवली. ती शिकलेली मुले पुणे, बंगळुरू आणि अमेरिकेत गेली. आज त्या रो-हाऊसमध्ये सत्तरीचा नवरा आणि त्याला सांभाळणारी पासष्टीची बायको एवढेच कुटुंब उरले आहे. जायकवाडी हाकेच्या अंतरावर असूनही कित्येक वर्षे चार-आठ दिवसांआड, अवेळी येणाऱ्या नळाची सवय या शहराने करून घेतली. गुडघे गेलेल्या माणसाने रात्री उठून पाणी कसे भरावे, याचा विचार नियोजनाच्या कोणत्याही आराखड्यात नसतो.

प्रश्न केवळ एकाकीपणाचा नाही. माणसे दीर्घायुषी झाली ही आनंदाची गोष्ट. पण वाढलेल्या वर्षांबरोबर पक्षाघात, खुब्याचे मोडलेले हाड, कंपवात आणि स्मृतिभ्रंशही आला. २०११च्या जनगणनेत देशातील साठीपुढील नागरिक सुमारे १० कोटी ३८ लाख होते. त्यानंतरच्या राष्ट्रीय पाहणीच्या आधारे २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्यांच्यातील स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती, असे मांडले. ‘म्हातारपणी असे व्हायचेच’ म्हणून आपण ज्याची बोळवण करतो, तो आजार आहे. सायंकाळ झाली की ‘मला माझ्या घरी न्या’ म्हणून स्वतःच्याच घराचे दार ठोठावणारे आजोबा हट्टी नसतात. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नसतो, हे घरच्यांना सांगणारे कुणी भेटत नाही. निजून असलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. हे काम रात्री दोन वाजता आणि चार वाजताही करायचे असते.

आणि ते करते कोण? भक्त पुंडलिकाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. साक्षात परब्रह्माला विटेवर तिष्ठत ठेवून तो मातापित्यांच्या सेवेत मग्न राहिला. त्या कथेतील एक गोष्ट मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो : पाय चेपणारा हात पुत्राचा होता. आज घरोघरी पाहा. सेवेचे श्रेय मुलाच्या नावावर आणि डायपर सुनेच्या हाती. ती नोकरी सोडते, तिची कंबर जाते, तिची झोप उडते आणि वर नातेवाईक येऊन ‘आई वाळल्या हो’ म्हणून जातात. कुटुंबव्यवस्थेचा अभिमान आपण व्यासपीठावरून रास्तपणे मिरवतो. तो अभिमान एका स्त्रीच्या मोडलेल्या पाठीवर उभा असेल, तर तो तपासून घ्यायला हवा. संघाच्या शताब्दीनिमित्त मांडलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधनाचा समावेश आहे. त्या प्रबोधनाची एक बैठक केवळ पुरुषांसाठी असावी आणि तिचा विषय ‘रुग्णाची चादर कशी बदलावी’ हा असावा, असे आम्ही गांभीर्याने सुचवतो.

वृद्धाश्रमाचे नाव निघाले की आपल्याकडे नाके मुरडली जातात. राज्यात १९९५मध्ये युतीच्या शासनाने मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आणली, तेव्हाही ‘ही पाश्चात्त्यांची नक्कल’ असा सूर निघाला. टाकून दिलेल्यांसाठी तो आधार ठरला, हे मान्य केले पाहिजे. जपानचे उदाहरण बोलके आहे. वडीलधाऱ्यांना मान देण्यात तो समाज आपल्याहून उणा नाही. तरीही सुनेवर पडणारा भार असह्य झाल्याचे ओळखून त्याने २००० सालापासून दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा लागू केला. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा आणि गरज पडली की घरी मदतनीस मिळवायचा. यात कुटुंब मोडले नाही, त्याला हातभार लागला.

आपल्याकडे कायद्यांची वानवा नाही. २००७च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमानुसार प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास परत घेता येते. सरकारी रुग्णालयात ज्येष्ठांसाठी वेगळी रांग असावी, असेही त्यात नमूद आहे. १४५६७ हा साहाय्य क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीपुढील प्रत्येकाला, उत्पन्नाची अट न घालता, आयुष्मान योजनेत ५ लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळाले. हे पाऊल निःसंशय अभिनंदनीय आहे. पण ते रुग्णालयातील खाटेपुरते. खुब्याची शस्त्रक्रिया फुकट होईल. घरी परतल्यावर ब्यूरोच्या मावशींचा महिन्याचा पगार मध्यमवर्गीय निवृत्ताने कोठून द्यायचा? शिवाय त्या मावशींना ना प्रशिक्षण, ना सुट्टी, ना विमा.

या शहरात अशा कामाची वाट नवी नाही. १९८९मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर वैद्यकीय प्रतिष्ठानने गारखेड्यात डॉ. हेडगेवार रुग्णालय सुरू केले, तेव्हा ध्येयनिष्ठ डॉक्टरांजवळ साधने तुटपुंजी होती. पुढे ते काम सेवावस्त्यांपर्यंत पोहोचले. तीच दृष्टी आता एन-सेक्टरच्या बंद दारांकडे वळली पाहिजे. प्रत्येक वस्तीत अंथरुणाला खिळलेल्यांची यादी करणे शाखेला जड नाही. आठवड्यातून एका दुपारी दोन कार्यकर्त्यांनी त्या घरी जाऊन तीन तास बसावे. त्या वेळात घरच्या बाईला झोपू द्यावे, बँकेत जाऊ द्यावे, नाही तर नुसते गच्चीवर उभे राहू द्यावे. वस्तीतल्या गरजू भगिनींना शुश्रूषेचे शास्त्रशुद्ध शिक्षण दिले, तर त्यांना सन्मानाचा रोजगार मिळेल. हवेची गादी, चाकाची खुर्ची, वॉकर अशा वस्तू कित्येक घरांच्या माळ्यावर धूळ खात पडून आहेत. त्या गोळा करण्याचे काम तर येत्या रविवारीच सुरू होऊ शकते.