पाठ केलेलं पॅरिस आणि पाहिलेली मुक्तागिरी



गेल्या महिन्यात माझी भाची अमरावतीहून आमच्याकडे अकोल्याला राहायला आली. सोबत कपड्यांची एक बॅग आणि क्लासने दिलेली झेरॉक्सची जाड फाइल. पुढच्या शिक्षणासाठी तिला बाहेर जायचंय, त्यासाठी आयईएलटीएस दिली. वाचन, लेखन, ऐकणं ठीक निघालं. बोलण्यात मात्र ५.५ वर अडकली, आणि तिथे किमान ६ हवेत. तीन दिवस पोरगी धड जेवली नाही. "मावशी, माझं इंग्रजीच कच्चं आहे," एवढंच म्हणे.

मी फाइल उघडली. 'तुम्ही पाहिलेली एक सुंदर जागा' या विषयाखाली पॅरिसवर दोन पानं, सगळं छापील. हिने तेच पाठ केलेलं. पॅरिस तर सोडाच, ती अजून विमानात बसलेली नाही! परीक्षकाने मध्येच विचारलं की तिथे जेवायला काय मिळालं, तर ही गप्प. फाइलमध्ये ते नव्हतं ना.

दुसरं अणुव्रत आठवून मी रागावणारच होते. पण ती म्हणाली, "परीक्षक खरं-खोटं तपासत नाही, भाषा तपासतो." तिचं बरोबर आहे. खोटं बोलल्याचे गुण कापत नाहीत. पण जे पाहिलंच नाही त्याबद्दल पुढचा प्रश्न आला की शब्द आणायचे कुठून?

ही परीक्षा आधी समजून घेऊ, कारण आपल्याकडे तिचा बाऊ फार आहे. समोर एक माणूस असतो, सगळं मिळून ११ ते १४ मिनिटं. आधी घर, शिक्षण, आवडीनिवडी असे साधे प्रश्न. मग एक कार्ड मिळतं, विचाराला एक मिनिट, टिपणाला कागद-पेन्सिल, आणि त्यावर एक ते दोन मिनिटं आपण एकटीने बोलायचं. शेवटी त्याच विषयाला धरून जरा खोल चर्चा. गुण चार गोष्टींना, चारही सारख्या वजनाच्या: बोलण्याचा ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. उच्चार म्हणजे गोऱ्यांसारखी ढब नव्हे. आपली ढब राहिली तरी चालते, ऐकणाऱ्याला स्पष्ट कळलं पाहिजे.

फाइल मी कपाटात ठेवली. संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली की आमच्याकडे थोडा निवांत वेळ असतो. सासूबाई पाटावर, मी भांडी आवरतेय. तिला म्हटलं, मुक्तागिरीचं सांग. आधी मराठीत. तिने सांगितलं, पण चार वाक्यांत संपलं. सासूबाई म्हणाल्या, "अवं, बावन्न मंदिरं हायेत तिथं, अन् तू चार वाक्यात खाली उतरली? धबधब्याचं काहून नाही सांगत? पायऱ्यांवर आजीचा हात कोनं धरला होता?" मग पोरगी खुलली. पावसाळ्यात परतवाड्याहून जाताना गाडी बंद पडली ते, ओल्या पायऱ्यांवर घसरलेली काकू, पाण्याच्या आवाजात न ऐकू येणारं बोलणं. दुसऱ्या दिवशी तेच इंग्रजीत. अडखळली, 'वी वेंट'च्या जागी 'वी गो' म्हणाली, 'अ' आणि 'द' गाळले (मराठीत ते नाहीतच, म्हणून आपण सगळ्याच गाळतो). पण दोन मिनिटं बोलली. मोबाइलवर रेकॉर्ड करून तिनेच ऐकलं आणि सहा चुका तिनेच काढल्या.

आता मला जे म्हणायचंय ते जरा टोचेल. तिचं इंग्रजी कच्चं नव्हतं, तिला सलग बोलायची सवय नव्हती. ती सवय आपण मोडली. पाहुणे आले की "तू आत जा", मोठे बोलताना "मधे बोलू नको", काही सांगायला लागली की "बरं बरं, कळलं". वीस-बावीस वर्षं हे ऐकलेल्या मुलीने अनोळखी माणसासमोर दोन मिनिटं न थांबता बोलावं, अशी अपेक्षा आपण क्लासची फी भरून करतो. मीही माझ्या मुलीला हेच करत आले, नाकारत नाही. भाषा समिती म्हणजे तोलून, हितकर, गरजेपुरतं बोलणं. मुलीचं तोंड बंद करणं तिच्यात कुठे बसतं?

आणि आपल्याकडे बोलणाऱ्या बायका नाहीत असं थोडंच आहे? दशलक्षणात उत्तम क्षमेवर अर्धा तास कागद न बघता बोलणाऱ्या काकू प्रत्येक गावच्या मंदिरात असतात. एक दाखला, मग त्याचं कारण, मग घरातलं उदाहरण, त्या कार्डवर नेमकं हेच लागतं. मुलीला त्यांच्याजवळ बसवा. त्यांना इंग्रजी येत नसलं तरी बिघडत नाही.

क्लास लावूच नका असं माझं म्हणणं नाही. व्याकरणाच्या चुका सांगायला जाणकार माणूस लागतोच. तयार उत्तरांची फाइल देणारा क्लास मात्र मी टाळीन. आपल्या मुलींना कांदा-लसूण का नाही, रात्री जेवण का नाही, हे तिकडे गेल्यावर रोज कुणाला तरी सांगावंच लागणार आहे. त्याची छापील पानं कोण देणार?

अजून एक, फार जणींना माहीत नसतं. संगणकावर परीक्षा दिली असेल तर चारपैकी एकच भाग ६० दिवसांच्या आत पुन्हा देता येतो. सगळी विद्यापीठं तो निकाल धरत नाहीत, म्हणून आधी विचारून घ्यायचं. भाचीच्या विद्यापीठाने हो म्हटलंय. तिने तारीख घेतली आहे, अजून अकरा दिवस आहेत. आज संध्याकाळचं कार्ड आहे, 'तुम्हाला काहीतरी शिकवणारी व्यक्ती'. सासूबाईंनी सकाळीच बजावलंय, आधी मी सांगीन, मग ती.