संस्कृतीची प्रतीके कोणास म्हणावे?

नांदेड-लातूरच्या चौकांत वाढदिवसाच्या फलकांवर पदव्यांची खैरात चालते; 'संस्कृतीचे प्रतीक' ही त्यांतलीच एक. हयात माणसास ती देऊच नये, असे कित्येकांचे म्हणणे. आम्हांस ते मान्य नाही. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर १९८२ साली वारले. परंतु त्यांनी मराठवाड्यास विचार करावयास लावले ते हयातीतच. त्यांच्यापाशी सत्ता नव्हती. श्रोत्यांच्या आवडत्या समजुतींसही ते पुरावा मागत.

हीच कसोटी आजच्यांस लावावी. लातूरचे रितेश देशमुख यांनी २०२२ साली 'वेड' हा मराठी चित्रपट दिग्दर्शित केला. त्याच वर्षी उदगीरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद कथाकार भारत सासणे यांनी भूषविले. दोघांचेही कार्य आदरास पात्र आहे. तथापि लोकप्रियता किंवा अध्यक्षपद एवढ्यानेच दावा सिद्ध होत नाही. पुराव्याचा भार पदवी देणाऱ्यावर आहे. त्या कार्याने लोकांच्या विचारांत व आचारांत काय पालटले, हे त्याने दाखवावे. पत पाहिल्यावाचून व्यापारी उधार देत नाही. मग समाजाने पदवी तरी का द्यावी? आणि जी मिळताच माणसास प्रश्न विचारणे बंद पडते, ती पदवी सन्मान नव्हे. ती देणाऱ्यांची मानसिक गुलामगिरी होय.