स्पॅनिश शिकायची, पण कुणाच्या अडचणींतून?

पुण्या-मुंबईत स्पॅनिश शिकणाऱ्यांच्या हाती अनेकदा इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेलं व्याकरण पडतं. इंग्रजांना जे अडतं त्यावर त्यात पानंच्या पानं खर्ची पडतात. 'मे गुस्तान लोस मांगोस' हे वाक्य घ्या. यात कर्ता आंबे आहेत, म्हणून 'गुस्तार' हे क्रियापद अनेकवचनी. हे गळी उतरवायला पुस्तक 'आंबे मला सुखावतात' अशी कसरत करतं. 'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात' असं लहानपणापासून बोलणाऱ्याला ती कशाला हवी? 'बेओ ला कासा' म्हणजे घर दिसतं, पण माणूस दिसला की 'बेओ आ मारिया'. हा मधला 'आ' इंग्रजीत नाही. आपण मात्र घर बघतो आणि मारियाला बघतो. तो 'ला' आपल्या जिभेवर आहेच.

म्हणून इंग्रजी पुस्तकं बाजूला सारावीत का? मला तसं वाटत नाही. वर्गात सगळेच मराठी नसतात. शिवाय लॅटिनमधून आलेले शेकडो शब्द इंग्रजी जाणणाऱ्याला आयते ओळखू येतात, ही सोय मराठी देऊ शकत नाही. मराठीचे चकवेही आहेत. आपल्याला नपुंसकलिंगाची सवय, स्पॅनिश नामांना लिंगं दोनच.

खरी कसोटी 'सेर' आणि 'एस्तार' यांची. आपण दोन्हीकडे 'आहे' म्हणतो, त्यामुळे इथे आपण आणि इंग्रज सारखेच अडाणी. कायमचं ते 'सेर', तात्पुरतं ते 'एस्तार', हा पुस्तकी नियम पहिल्या महिन्यात आधार देतो, तो शिकवू नये असं मी म्हणणार नाही. पण मेलेल्या माणसाला 'एस्ता मुएर्तो' म्हणतात, आणि मरणाहून कायमचं काय असतं? माद्रिद स्पेनमध्ये आहे, तिथेही 'एस्ता'. तीच जागा समारंभाची सांगायची तर 'एस', म्हणजे 'सेर'चं रूप. हे अपवाद नियमासोबतच सांगायला हवेत, नाहीतर विद्यार्थी वर्षभर चुकीच्या तर्कावर ठाम राहतो.

तेव्हा बहुसंख्य मराठी वर्गात 'गुस्तार' आणि 'आ' मराठीतून पाच मिनिटांत उरकावेत. 'किएरो के बेंगास' म्हणजे 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे'; त्यातल्या 'बेंगास' या रूपालाही 'यावंस'चा आधार आहे. वाचलेला वेळ 'कुआन्दो बेंगास'ला द्यावा: तिथेही तेच रूप लागतं, पण 'तू येशील तेव्हा' म्हणणारी मराठी आपल्याला सरळ भविष्यकाळाकडे ओढते, आणि इंग्रजांसाठीच्या पुस्तकाला या ओढीची कल्पनाच नसते.