निळा दिवा आणि आपली घाई

मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलाशी हमखास रंगणारा एक वाद आहे: रूट कॅनाल इथे अमेरिकेत करावे की भारतात? एक पक्ष म्हणतो, इथल्या एका दाढेच्या खर्चात भारताचे तिकीट निघते. दुसरा म्हणतो, दातांच्या बाबतीत धोका नको. माझ्या मते दोन्ही पक्ष भलत्याच मुद्द्यावर भांडतात. प्रश्न देशाचा नाही, वेळेचा आहे. मी दंतवैद्य नाही. पण माझे शिक्षण रसायनशास्त्राचे, आणि दातात भरायचे कॉम्पोझिट हा रसायनशास्त्राचाच विषय. म्हणून हा लेखनप्रपंच.

रूट कॅनालमध्ये दाताच्या मुळातली नस काढून पोकळी साफ करतात आणि ती गटापर्चाने भरतात. दुखणे थांबते आणि आपल्याला वाटते, सुटलो! पण वरचे तोंड घट्ट बंद झाले नाही, तर लाळेबरोबर जंतू पुन्हा आत उतरतात आणि सगळी मेहनत वाया जाते. हे तोंड बहुधा कॉम्पोझिटने बंद करतात. रफाएल बोवेन यांना १९६२ साली अमेरिकेत ज्या बिस-जीएमए रेझिनचे पेटंट मिळाले, त्याच घराण्यातली आजची बरीचशी कॉम्पोझिट्स आहेत.

मऊ लगद्यासारखा हा पदार्थ निळ्या प्रकाशात काही सेकंदांत कडक होतो. त्याचे श्रेय कॅम्फरक्विनोनला. आपल्या आरतीतल्या कापरापासून बनणारा हा पिवळा पदार्थ साधारण ४७० नॅनोमीटरचा निळा प्रकाश शोषतो, सोबतच्या अमाइनकडून हायड्रोजन घेतो आणि त्यातून रेझिनचे रेणू साखळीत गुंफले जाऊ लागतात.

मात्र प्रकाश आत फार खोल जात नाही. म्हणून नेहमीचे कॉम्पोझिट सुमारे २ मिलिमीटरच्या थरांत भरून प्रत्येक थर वेगळा कडक करायचा असतो. खास ‘बल्क फिल’ प्रकारात हा थर साधारण ४ मिलिमीटरपर्यंत चालतो. रूट कॅनाल केलेल्या दाढेचा तळ दिव्याच्या टोकापासून लांब असतो आणि तिथे प्रकाश क्षीण पोचतो, त्यामुळे दिवा जास्त वेळ धरावा लागतो. नाहीतर वरून दगड आणि खाली चिकट गोळा! वरून टोकरून हे कळत नाही. शिवाय कडक होताना कॉम्पोझिट साधारण २ ते ३ टक्के आकसते. घाईने एकदम भरले, तर कडेला फट पडण्याचा धोका वाढतो.

दुसरी अडचण लवंगेची. लवंगेच्या तेलातले युजेनॉल काही तात्पुरत्या फिलिंगमध्ये आणि मुळात भरायच्या सिमेंटमध्ये असते. ते दाढेला आराम देते, पण रेझिनची साखळी मध्येच तोडते. त्याचा अंश नीट साफ करायलाही वेळ लागतो.

आता आपले वागणे पाहा. तीन आठवड्यांची भारतवारी, त्यात दोन लग्ने, आणि परतीच्या चार दिवस आधी डॉक्टरांना गळ: “काहीही करून उरकून द्या!” इथेही तऱ्हा वेगळी नाही. विम्याची वार्षिक मर्यादा संपली, की कॅप पुढच्या वर्षावर ढकलायची आणि तात्पुरत्या फिलिंगवर महिनोन् महिने काढायचे. पैसे वाचवणे हा गुन्हा नाही, आपल्यापैकी अनेकांना त्यावाचून गत्यंतरही नसते. पण वाचलेले पैसे त्याच दाढेवर पुन्हा खर्च करण्यात काय हशील?

तेव्हा भारतात काम करायचे असेल, तर पहिल्या आठवड्यातलीच वेळ घ्या. दोन प्रश्न विचारायला संकोचू नका: फिलिंग थराथराने भरणार का? कॅप कधी बसवायची? एक्स-रे आणि वापरलेल्या पदार्थांची नावे लिहून आणा, म्हणजे इथल्या डेंटिस्टला अंदाज बांधत बसावे लागणार नाही. आणि डॉक्टर “उद्या परत या” म्हणाले, तर त्यांना पैसेकाढू न समजता खुशाल जा.

मंडळात दंतवैद्य सभासद आहेत. त्यांना माझे म्हणणे पटले नाही, तर त्यांनी पुढच्या अंकात जरूर लिहावे.